जे माणसाला पाप, ते सरकारला पुण्य कसं?

मी नाशिकला दिवाणी वकिली करते आणि राज्यसंस्था नसावी या मताची आहे. हे दोन्ही एका दमात सांगितलं की लोक दचकतात. कायद्यावर जिचं पोट, तिनंच असं म्हणावं? पण मला कायदा हवाच आहे. न्यायाधीश हवेत, रात्रीची गस्त हवी, शब्द फिरवणाऱ्याला जाब विचारणारं कुणीतरी हवं. माझा आक्षेप इतकाच की हे सगळं एकाच मालकाकडून, त्यानं ठरवलेल्या दरानं, नाही म्हणायची सोय नसताना घ्यावं लागतं. दुसरा कुणी हेच काम अधिक चांगलं करायला तयार असला, तरी त्याला करू दिलं जात नाही.

या विचाराला ॲनार्को-कॅपिटॅलिझम म्हणतात. त्याचा पाया तीन गोष्टींचा आहे. माणसाचं शरीर आणि त्याच्या घामाचं फळ त्याचं स्वतःचं. कुणी आपण होऊन दुसऱ्यावर जबरदस्ती करायची नाही. स्वतःचा बचाव करण्याची मुभा अर्थातच आहे. आणि तिसरी गोष्ट, जिथं बहुतेकांचं पाऊल अडखळतं: हा नियम सरकारी शिक्का हातात असलेल्या माणसालाही लागू. माझ्या कांद्याचा भाव पाडण्यासाठी शेजाऱ्यानं माझी गाडी रस्त्यात अडवली तर तो गुन्हा ठरतो. तेच अधिसूचना काढून केलं तर त्याला धोरण म्हणतात. या दोहोंत फरक काय, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

अराज्यवाद म्हटलं की बाकुनिन आणि क्रोपोत्किन आठवतात. त्यांना राज्याबरोबर भांडवली मालकीही नको होती. मी ज्या परंपरेबद्दल लिहिते आहे तिच्यात उलट आहे: खासगी मालमत्ता हेच सामान्य माणसाचं सत्तेपुढचं संरक्षण. या मतापर्यंत मला काही माणसांनी आणि काही पुस्तकांनी आणलं. सरकारच्या बाजूनं माझ्या मनात जेवढ्या सबबी होत्या, त्यातली एकेक त्यांनी काढून घेतली.

उलटी पट्टी

आमचं गाव बागलाण तालुक्यात, घर कांद्याचं. अर्थशास्त्र मी प्रथम वाचलं ते माझे वडील, नाना, बाजारातून आणत त्या पट्टीवर. वर व्यापाऱ्याचं नाव, खाली वजन आणि भाव, मग वजाबाकी: हमाली, तोलाई, वाराई. गाडीभाडं वेगळंच. कधी भाव इतका कोसळतो की वजाबाकीच जास्त भरते आणि माल विकून शेतकऱ्यालाच खिशातून पैसे द्यावे लागतात. तिला उलटी पट्टी म्हणतात. ती आमच्या घरी आली की नाना ती घडी करून पोथीच्या पिशवीत ठेवत आणि त्या रात्री कुणी फारसं बोलत नसे.

असं का होतं याचं सरळ उत्तर आमच्या भागाला शरद जोशींनी दिलं. पोस्ट खात्यात आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या जागतिक टपाल संघटनेत नोकरी केलेला हा माणूस परत आला, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेतीचा हिशेब स्वतः मांडू लागला. 1979 मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. त्यांचं म्हणणं असं की शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही, नशिबाचा मारलेलाही नाही. त्याच्या मालाचा भाव ठरवून पाडला जातो. भाव चढले की निर्यात रोखायची, साठ्यावर मर्यादा घालायची. भाव पडले की मात्र बाजार मोकळा. 1955 चा आवश्यक वस्तू कायदा हे यातलं मोठं हत्यार. विदर्भात कापसाचं तर त्याहून कठीण होतं: 1972 पासून एकाधिकार खरेदी योजनेत शेतकऱ्यानं आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा, पलीकडच्या राज्यात जास्त भाव असला तरी तिकडं नेला तर तो गुन्हा ठरे.

हे जुनं झालं असं कुणी समजू नये. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क आलं, 8 डिसेंबरला निर्यात बंदच झाली आणि ती 4 मे 2024 पर्यंत उठली नाही. शहरातल्या ताटाची काळजी म्हणून हे केलं गेलं. त्या काळजीची किंमत मात्र लासलगाव, सटाणा, उमराण्याच्या शेतकऱ्याच्या खिशातून वसूल झाली. शरद जोशींकडून मी शिकले ते हे, की शेतकरी आणि बाजार यांच्या दाव्यात सरकार न्यायाधीश नाही, पक्षकार आहे.

त्यांच्याकडून आणखी एक शिकले. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन झालं. आई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती. पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक आली: घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा स्वखुशीनं करून द्या. त्यामागं कायद्याचा धाक नव्हता की अनुदानाचं आमिष नव्हतं. तरी हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. नानांनीही केली. सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं त्या दिवशी तिनं तो उतारा देवापुढं ठेवला होता. आज कोर्टात मी त्याच्या उलटचं चित्र पाहते. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला, आणि तरी माहेर तुटेल या भीतीनं बहिणी हक्कसोड पत्रावर सह्या करतात. मन वळवून जे मिळालं ते टिकलं. हुकमानं जे दिलं ते भावाच्या कपाटात जाऊन पडलं.

शरद जोशी अराज्यवादी नव्हते. 1994 मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, खासदार झाले. सरकार लहान असावं, कायदा-सुव्यवस्थेपुरतं असावं, इथवर ते आले. त्यापुढची वाट मला पुस्तकांनी दाखवली.

लूट आणि भाव

फ्रेडरिक बास्तियाचं कायद्यावरचं पुस्तक लहान आहे, दोन तासांत वाचून होतं. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला म्यूग्रों गावी जमीनजुमला सांभाळणारा हा माणूस 1850 मध्ये, क्षयानं खंगत असताना ते लिहून गेला आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला रोममध्ये वारला. त्याची कसोटी अशी: कायदा एकाचं काढून दुसऱ्याला देतो का? आणि तेच काम एखाद्या नागरिकानं केलं तर तो गुन्हा ठरेल का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर ती कायदेशीर लूट. विधी महाविद्यालयात इतकी कलमं पाठ केली, पण कलमांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येतं हे मला बास्तियानं सांगितलं.

लूट वाईट खरी, पण नियोजन तर हवं ना? ही पुढची सबब. ती फ्रेडरिक हायेकनं काढून घेतली. 1945 च्या एका निबंधात तो दाखवतो की अर्थव्यवस्था चालवायला लागणारी माहिती एका जागी कधी नसतेच. ती लाखो माणसांकडे थोडी थोडी विखुरलेली असते. याचा पुरावा मला कांद्याच्या चाळीत दिसतो. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात. मग रोज सकाळी चाळीच्या कडेनं फिरून वास घ्यायचा, कुठं सड धरली ते हात घालून पाहायचं, पाऊस लांबणार की लवकर येणार याचा अंदाज बांधायचा, पोरीच्या लग्नाची तारीख ध्यानात ठेवायची, आणि मग ठरवायचं की आज दहा क्विंटल काढायचा की थांबायचं. ही माहिती दिल्लीतल्या कुठल्याही कचेरीत पोहोचत नाही. ती पोहोचते भावातून. भाव दाबला की ही सगळी माहितीच पुसली जाते. हायेकला 1974 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्याही आधी, 1920 मध्ये, लुडविग फॉन मिझेसनं बजावलं होतं की उत्पादनाच्या साधनांना बाजारातला भाव नसेल तर समाजवादी नियोजनकाराला हिशेबच करता येणार नाही. मिझेस आणि हायेक दोघंही राज्य ठेवण्याच्या बाजूचे होते. पण त्यांचा युक्तिवाद गहू-कापसाला लागू होत असेल तर पोलिसांना आणि न्यायालयांना का नाही, हा प्रश्न त्यांच्या पुस्तकांतून उठल्याशिवाय राहत नाही.

सही कुठं आहे?

माझ्यातल्या वकिलाला हलवलं ते लायसँडर स्पूनरनं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा हा वकील 1808 मध्ये जन्मला. 1844 मध्ये त्यानं सरकारी टपालाला टक्कर देणारी अमेरिकन लेटर मेल कंपनी काढली आणि पत्रं स्वस्तात पोहोचवू लागला. सरकारनं खटले भरून आणि मक्तेदारीचा कायदा आवळून ती बंद पाडली; पण स्पर्धेच्या दट्ट्यानं सरकारी टपालाचे दरही खाली आले. गुलामगिरीच्या विरोधात त्यानं लेखणी चालवली. 1870 मध्ये त्यानं लिहिलेल्या पुस्तिकेचा मुद्दा असा होता: करार करणाऱ्यावरच बंधनकारक असतो. ज्यानं सही केली नाही, ज्याला कुणी विचारलं नाही, त्याला त्याच्या पणजोबांच्या पिढीतल्या काही जणांनी केलेला राज्यघटना नावाचा करार कसा बांधील?

आपला करार कायदा 1872 चा. त्यात मुक्त संमतीशिवाय करार नाही, आणि ज्याची संमती धाकानं घेतली त्याला तो करार रद्द करून घेता येतो. हे मी रोज कोर्टात मांडते. मग राज्यसंस्थेशी असलेल्या माझ्या नात्यात ही कलमं कुठं जातात? तू इथं राहतेस हीच संमती, असं म्हणतात. पण गुंड गल्लीत हप्ता मागतो तेव्हा घर न सोडणं ही संमती ठरत नाही. तू मत देतेस ना, असंही म्हणतात. पण दोन सावकारांपैकी कमी छळणारा निवडायला सांगितला तर त्यातला एक निवडणाऱ्यानं सावकारी मान्य केली असं होत नाही.

हा विचार मराठी मनाला अगदी परका नाही. आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून घडले. त्याच हर्बर्ट स्पेन्सरनं 1851 च्या ग्रंथात राज्याकडे पाठ फिरवण्याच्या नागरिकाच्या हक्कावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. पवनारला बसून विनोबा शासनमुक्त समाजाची भाषा बोलत. मुंबईत रणछोडदास लोटवाला या पिठाच्या गिरणीच्या मालकानं एके काळी तरुण श्रीपाद अमृत डांग्यांच्या मार्क्सवादी अभ्यासाला पैसा पुरवला. आणि पुढे तेच लोटवाला स्वातंत्र्यवादाकडे वळले, त्यांच्या संस्थेतून 'इंडियन लिबर्टेरियन' हे नियतकालिक निघू लागलं. पन्नाशी-साठीच्या दशकांत, समाजवादाची भरती असताना, हे मुंबईत छापलं जात होतं.

पोलिसही बाजारात?

शेवटची सबब सर्वांत भक्कम असते: बाकी सगळं बाजारावर सोडता येईल, पण सुरक्षा आणि न्याय? हा प्रश्न सरळ अंगावर घेणारा पहिला अर्थतज्ज्ञ गुस्ताव द मोलिनारी. बेल्जियममध्ये जन्मलेल्या या माणसानं 1849 मध्ये पॅरिसच्या एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात सुरक्षेच्या उत्पादनावर निबंध लिहिला. मक्तेदारीत माल महाग आणि वाईट मिळतो, हा नियम सर्व वस्तूंना लागू असेल तर सुरक्षा त्याला अपवाद का, असं त्यानं विचारलं. बास्तियासकट त्याच्या सहकाऱ्यांना हे पटलं नाही.

शंभर वर्षांनी न्यू यॉर्कमध्ये मरी रॉथबार्डनं तोच धागा उचलला. ब्राँक्समध्ये 1926 मध्ये जन्मलेला, कोलंबिया विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकलेला हा तरुण मिझेसच्या चर्चासत्राला जाऊ लागला. 1949-50 च्या हिवाळ्यात डाव्या विचारांच्या मित्रांशी वाद रंगला. लोक एकत्र येऊन पोलीस चालवायला सरकार नेमू शकतात, तर पोलादाचे कारखाने चालवायला का नेमू शकत नाहीत, असं मित्रांनी विचारलं. रॉथबार्डला कळलं की आता एकतर समाजवादी व्हायला हवं, नाहीतर पोलिसांचाही सरकारी मक्ता नाकारायला हवा. त्यानं दुसरा रस्ता धरला. 1973 मध्ये त्याचं 'फॉर अ न्यू लिबर्टी' आलं. त्यात रस्ते, शाळा, न्यायालयं यांचा राज्याविना आराखडा एकेक करून मांडला आहे. रॉथबार्ड हक्कांच्या बाजूनं बोलतो. त्याच वर्षी मिल्टन फ्रीडमनचा मुलगा डेव्हिड फ्रीडमन यानं परिणामांच्या बाजूनं तीच गोष्ट सांगितली: लोक संरक्षण कंपनीचे वर्गणीदार होतील, कंपन्यांमधले तंटे आधी ठरलेल्या लवादाकडे जातील. कारण लढाई महाग असते, आणि जिच्याकडे कर लादण्याची ताकद नाही तिला तो खर्च स्वतःच्या गिऱ्हाइकांकडूनच मागावा लागेल.

फ्रीडमननं इतिहासातलं उदाहरण दिलं ते मध्ययुगीन आइसलँडचं. 930 पासून 1262 पर्यंत तिथं राजा नव्हता, सैन्य नव्हतं, सरकारी फौजदार नव्हता. कायदे ठरवणारी सभा होती, न्यायालयं होती. शेतकरी आपला सरदार स्वतः निवडे, आणि न पटल्यास घर न हलवता दुसऱ्याकडे जाई. दुबळ्या माणसाला नुकसानभरपाईचा आपला दावा बलवानाला देता किंवा विकता येई, म्हणून गरिबाला लुटणंही महागात पडे. पुढे काही घराण्यांच्या हाती सरदारक्या एकवटल्या, यादवी माजली आणि नॉर्वेचा राजा आला. तरी तीन शतकं हा क्षुल्लक काळ नव्हे.

मला त्यासाठी आइसलँडपर्यंत जावं लागलं नाही. आमच्या भागातल्या मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर तीन-चारशे वर्षांची फड पद्धत होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडात काय घ्यायचं ते सगळे मिळून ठरवणार. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. दोघांचा मोबदला शेतकरी पिकातून देणार. पाटातला गाळ काढायला ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे हात. पाणी कमी पडलं तर एखादा फड पडीक ठेवायचा. प्रत्येकाचा तुकडा सर्व फडांत असल्यामुळे तोटाही सगळ्यांना सारखा. एलिनॉर ऑस्ट्रॉमनं 1990 मध्ये स्पेन, फिलिपिन्स अशा ठिकाणच्या अशाच व्यवस्थांवर पुस्तक लिहिलं आणि 2009 चं नोबेल मिळवलं. सरकार आणि अनागोंदी यांच्या मधोमध माणसं किती काय उभारतात, हे तिनं जगाला दाखवलं. आमच्याकडे वर धरणं झाली, पाण्याची किल्ली सरकारकडे गेली, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले.

आक्षेप

शांतिपर्वापासून एक भीती सांगितली जाते: दंड धरणारा नसेल तर मोठा मासा लहान माशाला खाईल. माणसं मत्स्यवृत्तीची असतील, तर त्यातल्याच सगळ्यांत मोठ्या माशाला तळ्याचा एकमेव रखवालदार नेमणं हा उपाय कसा? रॉबर्ट नोझिकनं 1974 मध्ये याहून बारीक मुद्दा काढला: संरक्षण कंपन्यांतून एक वरचढ ठरेल आणि कुणाचा हक्क न मोडता तीच राज्य बनेल. माझं उत्तर असं की ती नुसती मोठी झाली तर हरकत नाही. दुसऱ्यांना धंदा करू देणार नाही असं ती म्हणेल त्या क्षणी ती हल्लेखोर ठरते.

सर्वांत वजनदार आक्षेप डॉ. आंबेडकरांचा. 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात त्यांनी खेड्याला अज्ञानाचं आणि जातीयतेचं घर म्हटलं. वरचं सरकार नसतं तर दलितांना गावानं चिरडलं असतं, हे म्हणणं मी हलकं मानत नाही. पण आंबेडकरांनीच 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाचा 1874 चा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणलं होतं. महारवतन म्हणजे सरकारी कामाला बारा महिने जुंपलेलं अख्खं घराणं, तुटपुंज्या मोबदल्यावर, आणि त्या जोखडावर मोहोर सरकारची. त्याआधी पेशवाईतही जातीचे दंडक दरबारच्या ताकदीनं पाळले जात. जातीच्या बेड्यांना सत्तेचा आधार होता. 1923 च्या रुपयावरच्या ग्रंथात हेच आंबेडकर चलनावरच्या सरकारी मनमानीला लगाम घालायला सांगतात. मला त्यांच्यात राज्याचा भक्त दिसत नाही. ज्याला दार उघडं हवं होतं असा माणूस दिसतो, आणि गाव, जात, धनी, रखवालदार यांतलं काहीही सोडून जाण्याचा हक्क हाच माझ्या विचाराचा गाभा आहे.

उद्या सकाळी राज्य बंद करा असं मी म्हणत नाही. आधी जिथं जिथं मक्ता आहे तिथं तिथं दुसऱ्याला येऊ द्या. लवादाला अधिक वाव द्या. देशात पाच कोटींच्या आसपास खटले तुंबलेले असताना हे तर लगेच व्हायला हवं. शेतकऱ्याला त्याचा माल त्याला हवा त्याला, हवा तिथं विकू द्या. पाणी वापरणाऱ्यांना पाणी वाटू द्या.

वाचकांकडे माझं एवढंच मागणं आहे. यापुढे कुठलीही बंदी, सक्ती किंवा वसुली वाचलीत की ती जाहीर करणाऱ्या खात्याच्या जागी शेजाऱ्याचं नाव घालून पाहा. शेजाऱ्यानं हे केलं असतं तर चाललं असतं का? नसतं, तर सरकारनं केलेलं का चालावं याचं कारण मागा, आणि ते पटेपर्यंत मान डोलावू नका.